डोळे केले हे सांगतात, जबडा केला हे सांगत नाहीत: कोरियन माणूस आणि कॉस्मेटिक सर्जरी

रांजणगावच्या एका कोरियन कंपनीत काम करणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांची कोरियन सहकारी सुट्टीवरून परतली आणि जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "या वेळी डोळे करून आले." कुणी विचारलंही नव्हतं. तिकडे याची लाज नसते का, खरंच सगळेच करतात का, बारावी झाल्यावर आईवडील मुलीला ही भेट देतात हे खरं का, आणि हा सगळा खटाटोप गोऱ्यांसारखं दिसायला चालतो का, असं त्यांनी विचारलंय.

मी पुण्यात प्लास्टिक सर्जन आहे. उमेदीच्या काळात सोलमध्ये राहून शिकलो, तिथले सहकारी अजून संपर्कात आहेत. शिवाय चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यातली काही कोरियन कुटुंबं तिकडून ऑपरेशन करून आल्यावर सूज दाखवायला, टाके काढायला माझ्याकडे येतात. त्यावरून लिहितो.

लाज असते आणि भरपूर असते. फक्त तिची जागा वेगळी आहे. ऑपरेशन केलं याची लाज फारशी कुणाला नाही, ते केलेलं चेहऱ्यावर दिसलं तर मात्र आहे. आणि त्याहूनही जास्त, सुधारता येण्यासारखं असून काहीच केलं नाही याची.

आधी आकडे उरकून टाकू. गॅलप कोरिया या जनमत पाहण्या करणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत १९ ते २९ वयाच्या ३१ टक्के स्त्रियांनी आपण कॉस्मेटिक सर्जरी केल्याचं सांगितलं. २०२० च्या पाहणीत सगळ्या वयाच्या स्त्रिया धरल्या तर हे प्रमाण १८ टक्के होतं, पुरुषांमध्ये २ टक्के. म्हणजे 'सगळेच करतात' हे खोटं, पण तरुण मुलींच्या घोळक्यात तिघींतली एक हे जवळपास खरं. एकूण शस्त्रक्रिया मोजल्या तर अमेरिका आणि ब्राझील पुढे आहेत. कोरिया वर येतो तो लोकसंख्येच्या मानाने. मला मात्र २०२० च्या त्या पाहणीतला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. आयुष्यात दिसण्याला महत्त्व आहे, असं ८९ टक्के लोकांनी सरळ सांगितलं. आपल्याकडे हाच प्रश्न विचारा. निम्मे लोक 'मन सुंदर हवं' म्हणतील आणि संध्याकाळी मुलासाठी गोरी मुलगी शोधायला बसतील. कोरियन माणूस या बाबतीत तोंडावर बोलतो.

आता डोळे. बऱ्याच कोरियन लोकांच्या वरच्या पापणीला घडी नसते, बऱ्याच जणांना ती जन्मतःच असते. 'डोळे करणं' म्हणजे ही घडी तयार करणं. त्याच्या दोन रीती आहेत. एकीत पापणी न कापता बारीक धागे आत पुरतात. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, अर्ध्या तासाचं काम, आठवड्याभरात माणूस चारचौघांत जाण्याजोगा होतो. दुसरीत चीर देऊन थोडी चरबी, थोडी कातडी काढतात. ती जास्त टिकते, पण सूजही जास्त दिवस राहते. पहिली इतकी सर्रास झाली आहे की सोलमधल्या मुली तिला सर्जरी म्हणायलाच तयार नसतात. घडीच्या ऑपरेशनला 'स्सांगसू' असं सुटसुटीत नाव आहे आणि 'स्सांगसू कुठे सर्जरीत धरतात का' हे वाक्य तिथे सहज कानावर पडतं. आपल्याकडे दाताला तारा लावण्याला जेवढं महत्त्व, साधारण तेवढंच. तुमच्या सहकारी बाईंनी जेवताना सांगितलं ते म्हणूनच. त्यांनी फार धीटपणा केला असं समजू नका. पुढचे काही दिवस सूज दिसणारच होती, ती लपवत बसण्यापेक्षा आधी सांगून मोकळं होणं त्यांच्याकडच्या रीतीला धरून आहे.

भेटीची गोष्टही खरी आहे, फक्त इंटरनेटवर ती जरा तिखटमीठ लावून फिरते. त्यांची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, सुनुंग, नोव्हेंबरात होते. इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना देशभर विमानांची ये-जा थांबवतात, इतकं तिचं प्रस्थ. परीक्षा संपली की मार्चमध्ये कॉलेज सुरू होईपर्यंतचा काळ रिकामा. थंडी असते, टोपी-मफलरमध्ये चेहरा झाकला जातो. आणि परीक्षेचं प्रवेशपत्र दाखवलं की दुकानांपासून डोळ्यांच्या क्लिनिकपर्यंत सगळीकडे सवलत मिळते. आई बरोबर येते, पैसे देते, घरी बर्फाच्या पिशव्या धरते. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला स्वतःला एका गोष्टीचा त्रास व्हायचा. काही जोड्यांमध्ये प्रश्न मुलीला विचारला तरी उत्तर आईकडून यायचं: नाक जरा उंच, हनुवटी जरा पुढे. मुलगी मोबाइलमध्ये. अशा वेळी आईला बाहेर बसवून मुलीशी बोलणारे सर्जन तिथे होते, पण क्लिनिकच्या रचनेत त्याला फार वाव नसतो. कारण डॉक्टरच्या आधी रुग्ण भेटतो सल्लागार बाईंना. त्यांना 'शिलजांग' म्हणतात. त्या डॉक्टर नसतात. चेहरा बघून काय काय करता येईल हे त्या सांगतात, पॅकेज आणि किंमत त्याच ठरवतात. डोळे करायला आलेली मुलगी नाकाचाही आकडा घेऊन बाहेर पडते.

डोळ्यांच्या पुढे गेलं की समाजाचा सूर बदलतो. नाकापर्यंत ठीक, जवळच्या मैत्रिणीला सांगण्यासारखं. हाडापाशी आलं की आवाज खाली येतो. जबड्याचे कोपरे तासणं, गालाची हाडं आत घेणं, वरचा आणि खालचा दोन्ही जबडे कापून मागे सरकवणं ही मोठी ऑपरेशनं आहेत. दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन मुळात ज्यांचे दात एकमेकांवर बसत नाहीत त्यांच्यासाठीचं. खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी नस दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी कायमची. हे सौंदर्यासाठी करणाऱ्यांबद्दल लोक बोलतात ते पाठीमागे. २०१४ मध्ये सोलच्या गंगनाम या श्रीमंत भागातल्या एका क्लिनिकने रुग्णांच्या जबड्यातून काढलेले हाडांचे तुकडे उंच काचपात्रांत भरून स्वागतकक्षात मांडले होते, किती केसेस केल्या याची जाहिरात म्हणून. फोटो पसरले, लोकांना किळस आली आणि वैद्यकीय कचऱ्याच्या नियमाखाली दंड झाला.

जास्त काम केलेल्या, एका साच्यातून काढल्यासारख्या चेहऱ्याला तिथे 'गंगनाम सुंदरी' म्हणून हिणवतात. ऑनलाइन तर थेट 'सर्जरीचा राक्षस' अशा अर्थाची शिवी आहे. हिणवणारे बहुतेक पुरुष, आणि गंमत अशी की मुलगी कशी दिसावी याच्या अपेक्षाही त्यांच्याच. जन्मजात सुंदर असण्याचा मान अजून सगळ्यात मोठा आहे. नटी प्रसिद्ध झाली की तिचे शाळेतले फोटो शोधून काढतात. २०१२ च्या मिस कोरिया विजेतीचे असेच निघाले. तिने सर्जरी केल्याचं मान्य केलं आणि आपण जन्मापासून सुंदर असल्याचा दावा कधी केलाच नव्हता, असं सुनावलं. वाद त्यावर बराच निवला. खोटं बोलली असती तर तिची धडगत नव्हती. क्लिनिकमध्ये रुग्णांच्या तोंडी सर्वांत जास्त असतं ते एकच वाक्य: 'कळणार नाही असं करा.' आपल्या सर्जनला हे वाक्य ओळखीचं वाटेल, पण दोन्हीकडचा अर्थ वेगळा आहे. त्यावर पुढे येतो.

हे सगळं नटण्याच्या हौसेतून येतं असं मानलं तर गाडी चुकते. हौस ब्राझीलमध्ये असेल. कोरियात याचा संबंध मेहनतीशी आहे. स्वतःची नीट निगा राखणं हा तिथे चारित्र्याचा भाग समजला जातो. वजन, कातडी, केस, कपडे, परीक्षेचे गुण, इंग्रजीचा स्कोअर, सगळं त्याच वहीत मांडलं जातं. १९९७ च्या आर्थिक संकटात नोकऱ्या गेल्या, कायमच्या नोकऱ्यांची शाश्वती संपली आणि उमेदवारांची स्पर्धा जीवघेणी झाली. अर्जावर फोटो लावायची पद्धत आधीपासून होतीच. सारख्याच गुणांचे शंभर अर्ज समोर आले की फोटो बघितला जाणार, हे प्रत्येक मुलीला माहीत होतं. मग डोळ्यांवरचा खर्च हा क्लासच्या फीसारखा हिशेबात बसला. सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. २०१७ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातल्या भरतीतून फोटो, शिक्षणसंस्था असे तपशील काढले. २०१९ च्या दुरुस्तीने खासगी कंपन्यांनाही उमेदवाराची उंची, वजन, रूप असं कामाशी संबंध नसलेलं विचारायला मनाई केली, ३० किंवा जास्त कामगार असतील तर. पण कायद्याने अर्जाचा नमुना बदलतो, मुलाखतीला समोर बसलेल्याची नजर नाही.

त्या नजरेलाही जुनी बैठक आहे. ग्वानसांग म्हणजे चेहऱ्यावरून नशीब वाचण्याची विद्या, आपल्या सामुद्रिकाच्या जातीची. नाकपुड्या समोरून दिसल्या तर पैसा टिकत नाही. बाईच्या गालाची हाडं वर आली तर तिचं नशीब खडतर, नवऱ्याला जड. शिकलेले लोक हसतात आणि तरी मनात ठेवतात. गालाची हाडं आत घ्यायला आलेल्या रुग्णाने आजीचं नाव सांगितलं की मला नवल वाटेनासं झालं.

यातच गोऱ्यांसारखं दिसण्याच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. पाश्चात्त्य देशांत गालाची हाडं उठावदार दिसावीत म्हणून भराव घालतात, कोरियात ती कमी करतात. पाश्चात्त्य देशांत खालच्या पापणीखालचा फुगवटा काढायला लोक पैसे मोजतात, कोरियात पापणीच्या अगदी कडेला छोटा फुगवटा मुद्दाम भरून घेतात, हसरा आणि लाघवी दिसतो म्हणून. लहान चेहरा, निमुळती हनुवटी, काचेसारखी कातडी हा सगळा नमुना त्यांच्याच पडद्यावरच्या चेहऱ्यांतून आलेला आहे. गोरी कातडी हवी, हा हट्टही तिथे गोऱ्या लोकांच्या आधीचा आहे.

इतिहासात मात्र अमेरिका आहे, ते नाकारता येत नाही. १९५४ मध्ये अमेरिकन मरीन दलाबरोबर डॉ. राल्फ मिलार्ड कोरियात होते. अमेरिकनांबरोबर काम करणाऱ्या एका कोरियन दुभाष्याने त्यांच्याकडे डोळे गोल करून मागितले. मिलार्डनी ते केलं आणि १९५५ मध्ये त्यावर लिहिलं. युद्ध, परके सैनिक, त्यांच्यावर अवलंबून असलेली पोटं, हे सगळं त्या मागणीत होतं. पण घडीचं ऑपरेशन त्यांचा शोध नव्हे. जपानमध्ये मिकामो या डॉक्टरने ते १८९६ मध्येच मांडलं होतं, तेही बऱ्याच जपानी लोकांना घडी असतेच या निरीक्षणावरून. जाता जाता एक सांगतो: दुभंगलेला ओठ शिवण्याची जी पद्धत भारतातला प्रत्येक प्लास्टिक सर्जन शिकतो, ती याच मिलार्डची आणि तीही त्यांना याच कोरियातल्या मुक्कामात सुचली. आमच्या पिढीने त्यांचं नाव घेतलं ते ओठासाठी. डोळ्यांचा भाग मला सोलमध्ये कळला.

कोरियन समाज किती बदलला हे बघायचं तर १८९५ आठवावं लागतं. शरीर, केस, कातडी आईवडिलांकडून मिळते, तिला इजा न करणं ही मातृपितृभक्तीची सुरुवात, ही कन्फ्यूशियन शिकवण तिथे हाडीमांसी भिनलेली होती. त्या वर्षाच्या अखेरीस पुरुषांनी डोक्यावरचा बुचडा कापून केस आखूड करावेत असा हुकूम निघाला तेव्हा मान कापा पण केस कापू देणार नाही, असं म्हणणारे विद्वान उभे राहिले, ठिकठिकाणी उठाव झाले. आज त्याच देशात मुलं आईवडिलांच्या साठीला पैसे जमवून त्यांच्या लोंबलेल्या पापण्या उचलून देतात, आणि त्याला नाव काय, तर 'ह्योदो' सर्जरी. ह्योदो म्हणजे तीच मातृपितृसेवा. यात ढोंग नाही. म्हातारपणी वरची पापणी खाली येऊन नजर झाकते, पापण्यांचे केस डोळ्यात टोचतात, त्यामुळे औषधोपचार आणि रूप यांची सीमा इथे खरोखरच पुसट असते. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्युन यांनी लोंबत्या पापण्यांसाठी ऑपरेशन करून घेतलं, त्यांच्या पत्नीनेही करून घेतलं, आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने ते उघड सांगितलं. राष्ट्राध्यक्षांच्या पापणीला घडी आली. लोकांनी थट्टा केली आणि सोडून दिलं. पन्नाशीच्या पुरुषांना क्लिनिकची पायरी चढायला त्यानंतर सोपं गेलं, असं तिथले जुने सर्जन सांगतात.

विश्वास जिथे खरोखर तडकला ती जागा वेगळी आहे. २०१६ मध्ये सोलमधल्या एका क्लिनिकमध्ये जबड्याच्या ऑपरेशनला गेलेला एक विद्यार्थी प्रचंड रक्तस्रावानंतर काही आठवड्यांनी दगावला. ज्या सर्जनचं नाव बघून तो गेला होता, ते मध्येच दुसऱ्या खोल्यांतल्या ऑपरेशनांकडे गेले होते. त्याच्या आईने ऑपरेशन थिएटरचं चित्रीकरण मिळवलं, मिनिट-मिनिट तपासलं आणि संसदेसमोर फलक घेऊन उभी राहिली. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध असूनही २०२१ मध्ये कायदा झाला आणि सप्टेंबर २०२३ पासून, रुग्ण बेशुद्ध असतो अशा ऑपरेशनांच्या खोलीत कॅमेरा सक्तीचा झाला. भूल दिल्यावर चाकू भलत्याच्या हाती जाणं, याला तिथे 'भुताची सर्जरी' म्हणतात. कोरियन लोक याबद्दल जितके संतापतात, तितके सर्जरी करणाऱ्या मुलींबद्दल कधीच संतापत नाहीत. मला हा संताप योग्य वाटतो. आमच्या व्यवसायातल्या अनेकांना कॅमेरा अपमान वाटला, मला नाही.

दुसरा विरोध आतून आला, आणि तो तरुण मुलींचा. २०१८ च्या सुमारास मुलींनी मेकअपचं सामान फोडून, केस बारीक कापून फोटो टाकायला सुरुवात केली. 'कॉर्सेट काढून टाका' अशी ती चळवळ; कॉर्सेट म्हणजे बाईची कंबर आवळणारा जुना पाश्चात्त्य कपडा. त्याच वर्षी एका वाहिनीवर महिला निवेदिकेने चष्मा लावून बातम्या दिल्या आणि तेवढ्याचीही बातमी झाली. सोलच्या मेट्रोने तर २०१७ मध्येच आधी-नंतरचे चेहरे दाखवणाऱ्या जाहिराती टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं होतं. पण चळवळीची किंमतही मोजावी लागते. टोकियो ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकणाऱ्या तिरंदाज आन सान हिला आखूड केसांवरून तिच्याच देशातल्या पुरुषांनी ऑनलाइन छळलं.

दरम्यान बाजार चाकूकडून सुईकडे सरकतोय. २०२४ मध्ये सुमारे ११ लाख ७० हजार परदेशी रुग्ण कोरियात गेले आणि त्यांतले निम्म्याहून जास्त त्वचेच्या उपचारांसाठी. कोरियन मुलीही आता बोटॉक्स, लेझर यांना सर्जरीच्या खात्यात धरत नाहीत, म्हणून पाहणीचे आकडे पुढे कमी झाले तरी हुरळून जाऊ नये.

आता ते 'कळणार नाही असं करा'. कोरियन रुग्णाचा अर्थ: डोळे केलेत हे लोकांना माहीत असलं तरी चालेल, पण काम सफाईदार हवं. पुण्यातल्या माझ्या मराठी रुग्णाचा अर्थ: मी या दवाखान्यात आले होते हेच कुणाला कळता कामा नये. सोलमध्ये आई मुलीबरोबर येते आणि मैत्रिणींत दवाखान्याचं नाव सांगते. इथे मुलगी लग्न ठरायच्या आधी सहा महिने येते, आईला सांगितलेलं असतं, बाबांना नसतं. होणाऱ्या सासूला कळू नये म्हणून दुसऱ्या गावाहून येतात. मुलगा केस लावून घेतो आणि ऑफिसात टायफॉइड झाल्याचं सांगतो. नाकाच्या केसमध्ये तर एक ठरलेली मागणी असते: डिस्चार्ज कार्डावर नाकाचं हाड वाकडं होतं, श्वासाला त्रास होता, एवढंच लिहा.

हाड खरोखर वाकडं असेल आणि तेही सरळ केलं असेल तर मी दोन्ही गोष्टी लिहितो. नसेल तर नाही लिहीत. काही जण कार्ड न घेताच जातात.